सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटमधून किंचाळी येते? थंडीतल्या बेल्टच्या आवाजाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड-नाशिककडे पारा दहाच्या खाली उतरला की हे प्रश्न सुरू होतात, आणि पुणेकर पण मागे नसतात. सगळ्यांची तक्रार जवळपास सारखीच, की सकाळी गाडी चालू केली की अर्धा-एक मिनिट कर्कश आवाज येतो, मग आपोआप बंद होतो, आणि गॅरेजला नेईपर्यंत गाडी गरम झालेली असते त्यामुळे मेकॅनिकला काहीच ऐकू येत नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, बेल्ट ओरडतो म्हणजे बेल्टच खराब असं बऱ्याच वेळा नसतं, त्यामुळे खाली वाचल्याशिवाय नवा बेल्ट घ्यायला पळू नका.

हा आवाज नक्की कोण करतं?

इंजिनच्या एका बाजूला, बाहेरच्या बाजूने फिरणारा काळा रबरी पट्टा असतो तो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून तो फिरतो आणि ऑल्टरनेटर (बॅटरी चार्ज करतो तो, गॅरेजमध्ये याला अजून डायनामोच म्हणतात), एसीचा कॉम्प्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप (इंजिन थंड ठेवायला कुलंट फिरवणारा) आणि जुन्या पद्धतीचं पॉवर स्टेअरिंग असेल तर त्याचा पंप, हे सगळं फिरवतो. काही गाड्यांत एकच लांब बेल्ट सगळीकडून फिरून येतो, काहींत दोन वेगवेगळे असतात. पुली फिरायला जड झाली आणि बेल्टची पकड सुटली की रबर तिच्यावरून घसरतं, ती किंचाळी म्हणजे घसरण्याचा आवाज.

मग सकाळीच का? दुपारी तर गाडी एकदम गप्प असते.

कारण सकाळी चार गोष्टी एकदम जमून येतात. थंडीत रबर कडक होतं त्यामुळे पुलीच्या खाचांमध्ये नीट बसत नाही. बेअरिंगमधलं ग्रीस आणि इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं. रात्री दव पडलेलं असेल तर बेल्टवर ओलाव्याचा पातळ थर असतो. आणि चौथी गोष्ट, जी कोणी बघतच नाही, ती म्हणजे बॅटरी. स्टार्टर मारताना बॅटरीतून भरपूर करंट जातो, तो भरून काढायला इंजिन सुरू झाल्या झाल्या ऑल्टरनेटर पूर्ण जोर लावतो, आणि ऑल्टरनेटर जेवढा जास्त करंट बनवणार तेवढा तो फिरायला जड. त्याची पुली सगळ्यात लहान, बेल्टचा विळखा तिथे कमी, म्हणून बेल्ट पहिल्यांदा तिथेच घसरतो. डिझेल गाडीत तर स्टार्टरच्या आधी ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) पण करंट खाऊन बसलेले असतात.

मिनिटाभरात बॅटरी थोडी सावरते, ऑल्टरनेटरवरचा लोड उतरतो, घासून बेल्ट गरम होतो, ओलावा उडतो आणि आवाज बंद. आपल्याला वाटतं गाडी बरी झाली.

माझी गाडी पावसाळ्यात पण ओरडते, थंडीचा काय संबंध?

कोकणात राहत असाल किंवा गोव्यात, तर तुमच्यासाठी जुलै हाच डिसेंबर. दमट हवा, साचलेल्या पाण्यातून गेलेली गाडी, खालून उडालेला लाल चिखल, सगळं बेल्टवर बसतं. पाण्यातून गेल्यावर दोनचार मिनिटं ओरडून थांबला तर लक्ष देऊ नका. पण कोरड्या दिवशी पण चालूच राहिला तर चिखलातली बारीक रेती खाचांमध्ये अडकलेली असू शकते, इंजिन बंद असताना साध्या पाण्याने धुवायची, डिटर्जंट वगैरे काही नको. उसाच्या सीझनला सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर धूळ खाणाऱ्या गाड्यांचं पण हेच होतं.

चीं-चीं असा तुटक आवाज आणि लांब किंचाळी, दोन्ही एकच का?

नाही, आणि हा फरक कळला तर अर्धं काम झालं. तुटक, तालात येणारी चीं-चीं-चीं, रेस वाढवली की तिचा ताल पण वाढतो, ही बहुतेक वेळा पुली एका रेषेत नसल्याची खूण. बेल्ट थोडा तिरका जातोय आणि दर फेरीला खाचेच्या कडेला घासतोय. याउलट सलग लांब किंचाळी, जी रेस दिल्यावर किंवा लाइट-ब्लोअर-एसी चालू केल्यावर वाढते, ती घसरण्याची, म्हणजे बेल्ट सैल आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) थकलाय, नाहीतर बेल्टवर काहीतरी सांडलंय.

तिसरा प्रकार म्हणजे गुरगुर किंवा घरघर. तो बेल्टचा आवाजच नाही, कुठलं तरी बेअरिंग गेलंय. आणि क्लच पूर्ण दाबल्यावर आवाज सुरू किंवा बंद होत असेल तर बॉनेट बंद करा, ते गिअरबॉक्सकडचं प्रकरण आहे, रिलीज बेअरिंग वगैरे.

पाणी मारून टेस्ट करतात म्हणे, ती कशी?

सकाळी, आवाज चालू असतानाच करायची. झाडांवर पाणी मारायचा स्प्रे घ्या, इंजिन आयडलवर ठेवा, आणि लांबूनच बेल्टच्या रेघा असलेल्या बाजूवर थोडंसं पाणी मारा. ऑल्टरनेटरवर पाणी उडवू नका.

आवाज लगेच गप्प झाला आणि पाणी सुकल्यावर परत आला तर पुलीची लाईन बघा. उलट आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे किंवा टेन्शनर कमजोर. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगवर संशय घ्या. फुकटातली टेस्ट आहे आणि भारी चालते, तरी बरेच मेकॅनिक करत नाहीत कारण गाडी त्यांच्याकडे अकरा वाजता येते. खात्रीच करायची असेल तर गाडी रात्री त्यांच्याकडे सोडा आणि सकाळी त्यांनाच पहिला स्टार्टर मारायला सांगा. तेही जमत नसेल तर मोबाईलवर बॉनेट उघडं ठेवून व्हिडिओ काढा, गाडीच्या आत बसून काढलेल्या व्हिडिओत काही कळत नाही.

बॅटरी तपासा असं सगळीकडे का सांगता? आवाज तर बेल्टचा आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांची वॅगन आर होती, सकाळी काका निघाले की चौथ्या मजल्यापर्यंत कळायचं. गॅरेजवाल्याने बेल्ट बदलला, आठ दिवस शांतता, परत तेच, मग त्याने बेल्ट अजून आवळला, परत आठ दिवस. शेवटी सकाळी स्टार्टर मारायच्या आधी बॅटरीला मल्टिमीटर लावला तर १२.१ व्होल्ट. बॅटरी पाच वर्षांची जुनी, आणि काका रोज दीड किलोमीटरवरच्या भाजी मार्केटला जाऊन परत, म्हणजे ती कधी पूर्ण चार्जच होत नव्हती. बॅटरी बदलली आणि आवाज गेला. बेल्ट तोच ठेवला, फक्त जास्त आवळलेला होता तो परत योग्य ताणावर आणला.

तर हिशोब सोपा आहे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. मीटर दोनचारशे रुपयांत मिळतो, नसेल तर बॅटरीच्या दुकानात बहुतेक जण फुकट बघून देतात. टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर जमलीय का तेही बघा, गरम पाण्याने धुवून, घासून, घट्ट आवळून थोडं व्हॅसलिन लावलं तरी कधीकधी फरक पडतो.

बेल्ट खराब झालाय हे बघून कसं ओळखायचं?

इंजिन बंद, चावी खिशात. बॅटरी टॉर्च घेऊन बेल्ट जमेल तिथे पिळून रेघांची बाजू बघा. जुन्या प्रकारच्या, निओप्रीन रबराच्या बेल्टला आडव्या भेगा पडायच्या, बोटाच्या लांबीत तीनचार भेगा दिसल्या की बदलायचा, इतकं सोपं होतं. आताचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात आणि हे रबर लवकर भेगाळत नाही, ते टायरसारखं झिजत जातं, म्हणून भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला असं समजू नका. रेघांमधली खाच नवीन बेल्टमध्ये व्ही आकाराची असते, झिजली की यू सारखी होते, मग पुलीचं टोक बेल्टच्या तळाला टेकतं आणि पकड जाते. बाजूला नवा बेल्ट धरून बघितला की लगेच लक्षात येतं.

बाकी, चकाकणारी बाजू, कडेचे सुटलेले धागे, रेघेचा तुटलेला तुकडा, आणि बेल्टवर ऑइल किंवा कुलंट. ऑइल लागलं की रबर फुगतं आणि मऊ होतं, तो बेल्ट पुसून वाचत नाही, बदलावाच लागतो, पण आधी गळती बंद करा नाहीतर नवा पण तसाच जाणार. आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदराने कुरतडलाय का ते पण बघून घ्या, हसू नका, होतं.

मी घरी टाईट करू शकतो का?

आधी तुमच्या गाडीत कुठली सिस्टीम आहे ते बघा. ऑल्टरनेटर एका लांबट खाचेच्या पट्टीवर बोल्टने धरलेला असेल किंवा बाजूला लांब ॲडजस्टिंग स्क्रू असेल तर हाताने टाईट करायची सोय आहे. जुन्या मारुती ८०० मध्ये हेच होतं, अजूनही बऱ्याच छोट्या गाड्यांत आहे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ऑल्टरनेटरचा खालचा मोठा बोल्ट, ज्यावर तो झुलतो, तो थोडा सैल करा, वरचा खाचेतला पण सैल करा, पूर्ण काढायचे नाहीत. मग स्क्रू असेल तर तो फिरवा, नसेल तर टॉमी (लोखंडी दांडा) लावून ऑल्टरनेटर इंजिनपासून बाहेरच्या बाजूला ओढून धरा आणि वरचा बोल्ट आवळा, मग खालचा. टॉमी त्याच्या जाड ब्रॅकेटपाशीच लावा, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ बॉडीवर लावलीत तर तडकेल आणि मग बेल्टचा आवाज आठवणार पण नाही.

एक ताकीद, इंजिन चालू असताना बॉनेटमध्ये वाकायची वेळ आली तर मफलर, ओढणी, गळ्यातली चेन, शर्टाची सैल बाही, सगळं काढून किंवा खोचून. थंडीत मफलर विसरायला होतो म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि रेडिएटरचा फॅन काही गाड्यांत चावी बंद असताना पण अचानक सुरू होतो.

किती टाईट म्हणजे बरोबर?

गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल तेच खरं. नसेल तर सगळ्यात लांब मोकळ्या भागाच्या मधोमध अंगठ्याने चांगला जोर देऊन दाबा, साधारण पाच ते दहा मिलिमीटर दबला पाहिजे. तारेसारखा ताणलेला बेल्ट आवाज करत नाही हे खरं, पण तो ऑल्टरनेटर आणि वॉटर पंपाची बेअरिंग खातो, आणि ते बिल बेल्टच्या कितीतरी पट येतं. गॅरेजमध्ये आवाज बंद करायचा सोपा उपाय म्हणून बेल्ट गच्च आवळून देतात, तेव्हा बाहेर पडायच्या आधी अंगठ्याने एकदा दाबून बघाच.

माझ्या गाडीत टाईट करायला बोल्टच दिसत नाही.

मग ऑटो टेन्शनर असणार, स्प्रिंगवरचा हात आणि त्यावर पुली. याला टाईट करायचं नसतं, तो स्वतःच ताण ठेवतो, आणि स्प्रिंग थकली की बदलायचा असतो. इंजिन आयडलवर असताना लांबून बघा, त्याचा हात थोडा थरथरला तर ठीक आहे, पण जोरात उड्या मारत असेल तर तो गेलाय किंवा ऑल्टरनेटरची पुली जाम आहे. काही टेन्शनरवर खूण असते, ती दिलेल्या दोन रेषांच्या बाहेर गेली असेल तर बेल्ट लांबलाय किंवा चुकीच्या मापाचा बसवलाय.

ऑल्टरनेटरची पुली जाम म्हणजे? ती तर बेल्टबरोबर फिरतेच ना?

बऱ्याच डिझेल गाड्यांत आणि काही पेट्रोल गाड्यांत ऑल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते, सायकलच्या फ्रीव्हीलच्या तत्त्वावर. इंजिनचे झटके बेल्टवर येऊ नयेत म्हणून. ती आतून जाम झाली की बेल्टला झटके बसतात, टेन्शनर नाचतो, आवाज येतो, आणि आपण बेल्टच बदलत बसतो. बेल्ट काढून ऑल्टरनेटरचा आतला रोटर धरून पुली दोन्हीकडे फिरवायची, एका बाजूला मोकळी फिरली पाहिजे. दोन्हीकडे घट्ट किंवा दोन्हीकडे मोकळी असेल तर गेली. (काहींमध्ये आत स्प्रिंग असते, ती थोडी ताण देऊन सुटते, ते नॉर्मल.)

साबण, टाल्कम पावडर, मेणबत्ती, डब्ल्यूडी-४०, यातलं काय मारू?

काहीच नाही. साबण आणि पावडरने चीं-चीं थोडा वेळ थांबते हे मान्य, पण पुली वाकडी ती वाकडीच. डब्ल्यूडी-४० किंवा कुठलंही ऑइल मारलं तर पकड अजून जाते आणि त्यातल्या तेलाने रबराची वाट लागते. बेल्टसाठीचा म्हणून जो चिकट स्प्रे मिळतो तो जुन्या व्ही बेल्टच्या जमान्यातला, रेघांच्या बेल्टवर मारला की त्याला धूळ चिकटते, खाचा भरतात आणि महिन्याभरात आवाज दुप्पट. लांबच्या प्रवासाला निघालाय आणि बायको-पोरांना आवाजाची लाज वाटतेय, एवढ्यापुरतं सुद्धा मारू नका, खरंच.

नवा बेल्ट टाकला तरी ओरडतोच, आता?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. नवा बेल्ट जुन्या, गुळगुळीत झालेल्या आणि खाचांत जुनं रबर भरलेल्या पुल्यांवर चढवला असेल तर ओरडणारच. बेल्ट काढून पुल्यांच्या खाचा कडक ब्रशने साफ करायच्या, ब्रेक क्लीनर वापरायचा तर पुलीवर, बेल्टवर नाही. मग हे बघा की बेल्ट एक रेघ पुढे-मागे तर बसला नाही ना, घाईत ही चूक फार होते आणि वरून दिसत नाही, टॉर्च मारून प्रत्येक पुलीच्या दोन्ही कडा मोजाव्या लागतात. हाताने टाईट करायचा बेल्ट असेल तर तो सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये थोडा बसतो, परत एकदा ताण बघावा लागतो, आणि हे गॅरेजमधून कोणी सांगत नाही.

एवढं करूनही थांबला नाही तर क्रँकची पुली बघा. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या रिंगमध्ये रबराचा थर असतो, तो सुटला की बाहेरची रिंग डगमगते. इंजिन चालू असताना बाजूने बघितलं की पुली लटपटताना दिसते. त्यावर कितीही बेल्ट बदला, फायदा नाही, आणि ती तशीच ठेवणं धोक्याचं पण आहे.

कुठलं बेअरिंग गेलंय ते कसं शोधायचं?

बेल्ट काढा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून, हलवून बघा. खरखर लागली, खेळ वाटला किंवा फार वेळ मोकळीच फिरत राहिली (म्हणजे ग्रीस संपलं), तर तीच. एसी फक्त बंद असताना आवाज असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचचं बेअरिंग आधी बघा. बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालू करून आवाज गेला का बघता येतं, पण काही सेकंदच, कारण वॉटर पंप पण थांबलेला असतो.

स्टेअरिंग पूर्ण वळवलं की किंचाळते, बाकी शांत असते.

हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगचा पंप बेल्टवर असतो, पूर्ण वळवून धरलं की त्याच्यावर सगळ्यात जास्त लोड. बेल्टचा ताण आणि स्टेअरिंग ऑइलची लेव्हल बघा. छोट्या गाड्यांत आता बहुतेक इलेक्ट्रिक स्टेअरिंग असतं, त्यात पंपच नाही, पण ते करंट भरपूर खातं, म्हणजे फिरून लोड ऑल्टरनेटरवर.

हा टायमिंग बेल्ट तर नसेल ना?

टायमिंग बेल्ट कव्हरच्या आत असतो, दातेरी असतो, घसरत नाही म्हणून असा किंचाळत पण नाही. बऱ्याच इंजिनांत तर त्याच्याऐवजी चेन असते. पण तुमच्या गाडीत टायमिंग बेल्ट असेल तर तो आवाज न करता तुटतो आणि बऱ्याचदा इंजिन उघडायला लावतो, म्हणून त्याचे किलोमीटर मॅन्युअलप्रमाणे वेगळे मोजा.

मारुतीची स्मार्ट हायब्रिड आहे, वेगळं काही?

हो. त्यात सिग्नलला बंद झालेलं इंजिन परत सुरू होतं ते याच बेल्टने, म्हणजे एरवी इंजिन बेल्ट ओढतं, इथे तेव्हा ऑल्टरनेटरच्या जागची मोटर बेल्ट ओढून इंजिन फिरवते. बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही त्यासाठी बनवलेले असतात. इथे नाक्यावरच्या दुकानातला जवळपासच्या मापाचा बेल्ट चालत नाही.

आवाज करतोय पण गाडी चालवत राहू का? रस्त्यात तुटला तर?

मिनिटभर ओरडून थांबत असेल तर आज ऑफिसला जा, रविवारी बघा. दिवसभर ओरडत असेल, डॅशबोर्डवर लाल बॅटरीचं चिन्ह लुकलुकत असेल किंवा रबर जळल्याचा वास येत असेल तर नका जाऊ. कसारा घाटात बेल्ट तुटला तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागेल, हायड्रॉलिक असेल तर स्टेअरिंग जड होईल, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिनच्या तापमानाचा काटा चढायला लागेल. तेव्हा "पुढचा पेट्रोल पंप येईपर्यंत" करू नका, कडेला घ्या आणि बंद करा, इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं तर ते काम बेल्टच्या कितीतरी पट महाग पडतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका.

आम्ही कॅनडात असतो, उणे वीसला गाडी रोज ओरडते.

तिथे थोडा वेळ आवाज येणं समजू शकतं, पण बॅटरीचं वय आणि टेन्शनर आपल्यापेक्षा जास्त काटेकोर बघा. ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लावत असाल तर इंजिन सुटायला हलकं जातं आणि बॅटरी कमी रिकामी होते, तेवढा बेल्टला आराम. स्टार्ट केल्या केल्या सीट हीटर, मागची काच, ब्लोअर सगळं एकदम चालू करू नका, अर्धा मिनिट थांबा.

दुकानात जाऊन काय मागायचं?

नुसतं फॅन बेल्ट द्या म्हणालात तर दुकानदार विचारणार एसीचा की डायनामोचा. जुना बेल्ट सोबत घेऊन जा, त्यावर नंबर असतो, उदाहरणार्थ ६पीके१२००, म्हणजे सहा रेघा आणि लांबी १२०० मिलिमीटर. नंबर पुसला असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष, पेट्रोल की डिझेल आणि एसी आहे की नाही एवढं सांगा. कंपनीचा किंवा फेनर, गेट्स, कॉन्टिटेक, मित्सुबोशी यातला कुठलाही चालेल, फक्त बॉक्स नीट बघा, डुप्लिकेट माल या धंद्यात पुष्कळ आहे. बेल्ट काढायच्या आधी तो कुठून कसा फिरलाय याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बॉनेटखाली स्टिकर असतो म्हणतात, जुन्या गाडीत तो निघून गेलेला असतो. आणि काढलेला जुना बेल्ट तुटका किंवा तेलकट नसेल तर डिकीत टाकून ठेवा, घाटात रात्री नऊ वाजता तुमच्या मापाचा बेल्ट कोणाकडेच नसतो.